बर्फावरचे पहिले पाऊल

कल्याणहून येणारा रस्ता आणि मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा रस्ता यांची गाठ जेथे पडते, त्या ठिकाणाला शीळफाटा असे म्हणतात. येथे दिवसरात्र मालमोटारींची वर्दळ चालू असते. उन्हाळ्यात डांबरी रस्ता इतका तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही. आणि हिवाळा आला तरी पारा शून्य अंशाच्या जवळपासही फिरकत नाही. अशा ठिकाणी राहणाऱ्या मुलांना बर्फाची ओळख असते ती गोणपाटात गुंडाळलेल्या लादीच्या रूपाने, कोळणीच्या टोपलीतील मासळीवर पसरलेल्या चुऱ्याच्या रूपाने, नाही तर रंगीत सरबत शिंपडलेल्या गोळ्याच्या रूपाने. बर्फ खावा, फार तर त्यात अन्न टिकवावे, एवढेच आपण जाणतो. त्याच्यावर उभे राहावे, चालावे आणि वाऱ्याच्या वेगाने धावावे, ही कल्पना येथे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

परंतु पृथ्वीच्या उत्तरेकडे असे अनेक प्रदेश आहेत, की जेथे हिवाळ्यात नद्या, कालवे आणि तळी गोठून जातात. पाण्याची जागा बर्फाने घेतली की होड्या बंद पडतात. मग माणसांनी ये-जा करावी कशी? या अडचणीतूनच बर्फावर घसरत जाण्याची विद्या जन्माला आली. प्रारंभी लोक घोड्याच्या किंवा गुरांच्या पायाची हाडे गुळगुळीत करून ती पायांखाली बांधीत आणि हातातील टोकदार काठी बर्फात रोवून स्वतःला पुढे ढकलीत. अशी हजारो वर्षांपूर्वीची हाडे उत्तर युरोपात सापडलेली आहेत. बाराव्या शतकात विल्यम फिट्झस्टीफन नावाच्या लेखकाने लंडन शहराचे वर्णन लिहून ठेवले आहे. शहराबाहेरील दलदल गोठली की तरुण मुले पायांना हाडे बांधून तेथे कशी भरधाव जात, एकमेकांवर कशी आदळत आणि हातपाय कसे मोडून घेत, हे त्याने त्यात सांगितले आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बर्फावर जाणे आणि बर्फावर पडणे ही दोन्ही जुळी भावंडे आहेत, आणि ती फार पूर्वीपासूनची आहेत.

पुढे कालव्यांच्या हॉलंड देशात हाडाच्या जागी लोखंडाची पट्टी आली. लाकडी तळव्याला उभी पट्टी बसवून ती पायाला चामड्याच्या वादीने बांधीत. या पट्टीने मोठा फरक घडवून आणला. हाडाला धार नसते, म्हणून काठी लागे. पट्टीला धार असल्यामुळे पायानेच बर्फाला रेटा देता येऊ लागला आणि काठी गळून पडली. या साधनाला स्केट असे म्हणतात. हॉलंडमध्ये स्केटवरून दूध-लोणी घेऊन बाजाराला जाणे, शेजारच्या गावी पाहुणे म्हणून जाणे, हा हिवाळ्यातील नित्याचा व्यवहार होता. त्या देशात फ्रीझलंड नावाच्या प्रांतात अकरा गावांना जोडणारी सुमारे २०० किलोमीटरची स्केट-शर्यत १९०९ साली सुरू झाली. बर्फाचा थर सर्वत्र १५ सेंटिमीटर जाड झाल्याखेरीज ती भरवली जात नाही. १९९७ नंतर एकाही हिवाळ्यात तितका बर्फ जमला नाही, म्हणून ती शर्यत तेव्हापासून झालेली नाही. हवामान बदलत असल्याची ही एक ठळक खूण होय.

आता प्रश्न असा, की बर्फावरून पाय घसरतो तरी का? लादी, काच आणि बर्फ ही तिन्ही गुळगुळीत. पण कोरड्या काचेवर माणूस घसरत नाही आणि बर्फावर मात्र घसरतो. पुष्कळ दिवस असे मानले जाई की स्केटच्या दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून पाय सरकतो. परंतु हिशेब केला असता असे दिसून आले की माणसाच्या वजनाने बर्फाचा वितळण्याचा अंश फार थोडा खाली येतो; कडक थंडीत तेवढ्याने काम भागणार नाही. मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने १८५० साली निराळाच विचार मांडला. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा अतिशय पातळ थर मुळातच असतो, असे त्याचे म्हणणे होते. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना लावले असता चिकटतात, हे त्याने दाखवले. गोळेवाला बर्फाचा चुरा मुठीत दाबतो आणि क्षणात त्याचा घट्ट गोळा होतो, तेव्हा याच गुणाचा आपल्याला प्रत्यय येत असतो. आजचे शास्त्र सांगते की पृष्ठभागावरील हा सैल थर आणि घर्षणाने निर्माण होणारी उष्णता या दोहोंमुळे बर्फ निसरडा होतो.

बर्फाच्या या निसरडेपणावर स्वार होण्यासाठीच स्केटचे पाते घडवलेले असते. नृत्यासाठी वापरल्या जाणाऱ्या स्केटचे पाते सुमारे चार मिलिमीटर जाड असते. दुरून ते सुरीसारखे दिसते. परंतु खालून पाहिले असता त्याच्या मधोमध लांबवर एक उथळ खोबण आढळते. त्यामुळे एकाच पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. शिवाय पाते पुढून मागे किंचित वाकलेले असते, जणू फार मोठ्या वर्तुळाचा लहानसा तुकडाच. म्हणून शरीर एका बाजूस कलले की ती बाजूची धार बर्फात रुतते आणि माणूस आपोआप त्या बाजूस वळतो. सायकल वळवताना आपण हँडल फिरवण्याबरोबरच शरीर कलते करतो, त्यातलाच हा प्रकार.

ज्या देशात पाणी गोठत नाही, तेथील लोकांनी काय करावे? याचे पहिले उत्तर लंडनमध्ये मिळाले. जॉन गॅम्गी नावाच्या संशोधकाने १८७६ साली तेथे यंत्राने गोठवलेले एक छोटे मैदान तयार केले. त्याची लांबी सुमारे ७ मीटर आणि रुंदी ५ मीटर, म्हणजे एखाद्या वर्गाच्या खोलीएवढीच होती. जमिनीवर तांब्याच्या नळ्या अंथरून त्यांतून अतिशय थंड केलेले द्रव खेळवले, वर पाणी सोडले, आणि पाणी गोठून गेले.

ही युक्ती आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडील बर्फाच्या कारखान्यात लादी बनते ती याच तत्त्वाने. मिठाचे पाणी शून्य अंशाच्या खाली गेले तरी लगेच गोठत नाही. अशा थंडगार खाऱ्या पाण्याच्या हौदात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे बुडवून ठेवतात. काही तासांनी डब्यातील पाण्याची लादी होते. बर्फाच्या मैदानात फरक इतकाच, की हौदाऐवजी सिमेंटच्या जमिनीखाली नळ्यांचे जाळे असते आणि त्यातून थंड द्रव फिरत राहते. वर पाण्याचे पातळ थर एकामागून एक देऊन तीन-चार सेंटिमीटर जाडीचा बर्फ तयार केला जातो. खेळणाऱ्यांच्या पात्यांनी त्यावर ओरखडे उठतात. पूर्वी ते खरवडून, धुऊन मैदान पुन्हा सारखे करण्यास अनेक माणसांना तासाहून अधिक वेळ लागे. अमेरिकेतील फ्रँक झांबोनी आणि त्याचा भाऊ हे बर्फाच्या लाद्या बनवून विकण्याचा धंदा करीत. घरोघर विजेची शीतपेटी येऊ लागली आणि लादीला गिऱ्हाईक कमी झाले. तेव्हा आपली यंत्रसामग्री वाया न घालवता त्यांनी १९४० साली कॅलिफोर्नियासारख्या उबदार प्रांतात स्केटिंगचे मैदान उघडले. पुढे १९४९ साली फ्रँकने बर्फ खरवडणारे, धुणारे आणि त्यावर नवे पाणी पसरणारे यंत्र तयार केले. आज जगभर ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. लादी विकणाऱ्या माणसाने बर्फाच्या मैदानांचे रूप पालटून टाकले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आपल्या देशात बर्फावरील स्केटिंगचे सर्वांत जुने प्रसिद्ध ठिकाण म्हणजे सिमला. तेथे राहणाऱ्या ब्लेसिंग्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाला टेनिसच्या मैदानावरील पाणी रात्रीत गोठलेले दिसले आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९२० साली तेथे स्केटिंगचे मैदान सुरू झाले. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी मैदानावर पाणी शिंपडावे, रात्रीच्या गारठ्याने ते गोठावे आणि पहाटे उन्हे येण्यापूर्वी लोकांनी त्यावर खेळावे, अशी तेथील रीत. यंत्राचा आधार नाही. सारा भरवसा आकाशावर. लडाखमध्येही गोठलेल्या तळ्यांवर मुले स्केटिंग करतात. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांसाठी देहरादून येथे छपराखालचे कृत्रिम बर्फाचे मोठे मैदान बांधण्यात आले. ते पुढे बरीच वर्षे बंद राहिले आणि २०२५ साली पुन्हा उपयोगात आले. आपल्या महाराष्ट्रात तर नैसर्गिक बर्फाचे मैदान असणेच शक्य नाही. मुंबईजवळ गोराईच्या करमणूक-उद्यानात पूर्वी कृत्रिम बर्फाचे एक मैदान होते. अनेक मराठी मुलांनी बर्फावरचे आपले पहिले पाऊल तेथेच टाकले.

असे असूनही महाराष्ट्रातील मुले या विद्येत मागे राहिलेली नाहीत. २०२० सालापासून ‘खेलो इंडिया’ या योजनेतून हिवाळी क्रीडास्पर्धा भरू लागल्या. २०२४ आणि २०२५ साली लेह येथे बर्फावरील शर्यती झाल्या, तेव्हा महाराष्ट्राच्या खेळाडूंनी त्यांत पदके मिळवली. ज्या प्रांतात बर्फ पडत नाही, तेथील मुले हिमालयापलीकडे जाऊन बर्फावर जिंकतात, हे घडले कसे? याचे उत्तर चाकांत आहे.

चाकांचे स्केट हे मुळी बर्फाच्या स्केटची उन्हाळी नक्कल म्हणूनच जन्माला आले. अठराव्या शतकात जोसेफ मर्लिन नावाच्या कारागिराने पायाला चाके लावून लंडनच्या एका मेजवानीत व्हायोलिन वाजवीत प्रवेश केला, असे सांगतात. त्याला पुढे जाणे साधले होते, पण वळणे आणि थांबणे साधलेले नव्हते. परिणामी तो भिंतीवरच्या मौल्यवान आरशावर जाऊन आदळला. १८६३ साली जेम्स प्लिम्टन या अमेरिकन गृहस्थाने चाकांच्या वर रबराची उशी बसवली. त्यामुळे शरीर ज्या बाजूला कलेल त्या बाजूला स्केट वळू लागले. १९८० साली अमेरिकेतीलच स्कॉट ओल्सन या बर्फावर हॉकी खेळणाऱ्या तरुणाला एका ओळीत चाके असलेले जुने स्केट मिळाले. उन्हाळ्यातील सरावासाठी त्याने ते सुधारले आणि लोकप्रिय केले. ओळीतली चाके म्हणजे जणू चाकांचेच पाते.

आज शीळफाट्याच्या आसपास, कल्याण-डोंबिवलीत आणि ठाण्यात, मोठ्या वसाहतींच्या आवारात संध्याकाळी असे चाकांचे स्केट घालून मुले गोल फिरताना दिसतात. डोक्याला शिरस्त्राण, गुडघ्यांना आणि कोपरांना गाद्या, असा त्यांचा पोशाख असतो. ही मुले नकळत बर्फाचीच बाराखडी गिरवीत असतात. कारण बाजूला रेटा देणे, एका पायावर तोल धरणे, गुडघे वाकवून ठेवणे आणि वळणावर कलणे, या चारही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत. बर्फावर गेल्यावर नव्याने शिकावे लागते ते मुख्यतः धारेवर उभे राहणे आणि थांबणे.

याचे मोठे उदाहरण म्हणजे एरिन जॅक्सन. अमेरिकेतील फ्लॉरिडा हा प्रांत उष्ण आहे. तेथील ओकाला गावी ती वाढली. लहानपणापासून तिचा सराव होता तो चाकांवरचा. बर्फावरच्या शर्यतीकडे ती वळली तेव्हा तिने विशी ओलांडली होती. प्रारंभी बर्फावर ती अगदी नवखी होती. चाकांवरील विजेतीला येथे पुन्हा पहिल्या इयत्तेत बसावे लागले. परंतु अवघ्या काही महिन्यांच्या सरावाने २०१८ सालच्या ऑलिंपिक सामन्यांसाठी तिची निवड झाली. आणि २०२२ साली बीजिंग येथे ५०० मीटरच्या शर्यतीत तिने ३७.०४ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. उष्ण गावात जन्म होणे किंवा उशिरा आरंभ करणे, यांपैकी कोणतीही गोष्ट तिच्या आड आली नाही.

आता बर्फावर प्रथमच उतरणाऱ्याने काय करावे, ते क्रमाने पाहू. पहिली गोष्ट बुटाची. स्केटचा बूट पायाला घट्ट बसला पाहिजे आणि घोट्यापाशी त्याची वादी आवळून बांधली पाहिजे. बूट सैल असेल तर घोटा आत किंवा बाहेर मुडपतो आणि शिकणाऱ्याला वाटते की आपल्या पायांतच शक्ती नाही. हातांत मोजे आणि डोक्यावर शिरस्त्राण असावे. लोंबणारा गळपट्टा किंवा ओढणी असू नये, कारण ती पात्याखाली आली की पडणे ठरलेलेच.

दुसरी गोष्ट पडण्याची. अनुभवी शिक्षक चालायला शिकवण्यापूर्वी पडायला शिकवतात. हे ऐकून नवल वाटेल. परंतु त्यात मोठे शहाणपण आहे. तोल जातो आहे असे वाटताच ताठ होऊ नये. गुडघे वाकवून खाली बसू लागावे आणि एका कुशीवर, मांडीच्या बाजूने, अंग सोडून द्यावे. हात पुढे टेकवून सारे वजन मनगटावर घेऊ नये, कारण मनगट मोडण्याचे तेच मुख्य कारण असते. मागे पडत असल्यास हनुवटी छातीला टेकवावी, म्हणजे डोके आपटत नाही. पडल्याबरोबर हाताच्या मुठी मिटाव्यात. जवळून जाणाऱ्या दुसऱ्याच्या पात्यापासून बोटे वाचतात. मग गुडघ्यांवर यावे, एक पाऊल पुढे ठेवून त्या गुडघ्यावर दोन्ही हात टेकावेत आणि सावकाश उभे राहावे. हा सराव आधी घरी सतरंजीवर करता येतो. ज्याला पडणे साधले, त्याची भीती अर्धी ओसरते. आणि ज्याची भीती ओसरली, त्याचे पडणेही अर्धे कमी होते.

तिसरी गोष्ट उभे राहण्याची. गुडघे किंचित वाकलेले, हात कमरेच्या उंचीवर दोन्ही बाजूंस पसरलेले आणि नजर समोर, असे उभे राहावे. नवशिका नेहमी पायांकडे पाहतो. मान खाली गेली की डोक्याचा भार पुढे जातो आणि तोल बिघडतो. प्रथम कवायतीप्रमाणे जागच्या जागी पाय उचलावेत. नंतर टाचा जवळ आणि चवडे बाहेर अशी पावले करून लहान लहान चाल करावी. चार पावले चालावे आणि दोन्ही पायांवर स्थिर होऊन सरकू द्यावे. त्या वेळी प्रथमच जाणवते की आपण चालत नाही, तरीही पुढे जात आहोत. हा क्षण मोठ्या आनंदाचा असतो. त्यानंतर एका पायाच्या आतल्या धारेने तिरका रेटा द्यावा आणि दुसऱ्या पायावर सरकावे. मग दुसऱ्याने रेटा द्यावा आणि पहिल्यावर सरकावे. थांबण्यासाठी टाचा बाहेर ढकलून चवडे जवळ आणावेत. पात्यांनी बर्फ खरवडला जातो आणि वेग मरतो. थांबायला शिकल्याशिवाय वेग वाढवू नये, ही शिकवण मर्लिनच्या आरशाने सर्वांनाच दिली आहे.

मैदानाच्या कडेला कठडा असतो. नवशिके त्याला बिलगून चालतात. आरंभी काही मिनिटे हे ठीक आहे. परंतु कठडा धरला की शरीर त्याच्याकडे झुकते, पाय निसटतात आणि तोल शिकायचा राहूनच जातो. हॉलंडमध्ये यावर एक घरगुती तोड आहे. तेथील लहान मुले घरातली लाकडी खुर्ची कालव्यावर आणतात आणि ती पुढे ढकलीत ढकलीत शिकतात. खुर्चीचा आधार असतो, पण ती स्वतःच सरकत असल्यामुळे मुलाला तिच्यावर रेलून राहता येत नाही. पाय स्थिर झाले की खुर्ची आपोआपच मागे राहते. खरा आधार कसा असावा, याचा हा उत्तम नमुना होय.

आता राहिला वयाचा प्रश्न. पुष्कळांची अशी समजूत असते की अशा विद्या लहानपणीच शिकाव्यात, पुढे त्या येत नाहीत. या समजुतीत थोडे तथ्य आहे, पण थोडेच. लहान मुलाची उंची कमी असते, म्हणून ते पडले तरी फार उंचावरून पडत नाही. आणि चार लोक पाहून हसतील, हा विचार त्याला शिवत नाही. मोठा माणूस मात्र पडण्यापूर्वीच पडण्याचा विचार करतो आणि त्या विचाराने ताठ होतो. उलट, मोठ्याला शिक्षकाचे सांगणे चटकन कळते. आपले काय चुकले हे तो स्वतः शोधू शकतो. धीराने रोज थोडे थोडे करण्याची सवय त्याला असते. तोल सांभाळण्याचे काम आपल्या कानाच्या आतील भागातील लहानसे इंद्रिय, डोळे, पायांचे स्नायू आणि लहान मेंदू हे सर्व मिळून करीत असतात. सरावाने त्यांचा मेळ बसतो, आणि असा मेळ बसवण्याची शक्ती शरीरातून कोणत्याही वयात संपूर्णपणे नाहीशी होत नाही. फक्त वय वाढते तसा वेळ अधिक लागतो.

म्हणूनच थंड देशांत प्रौढांसाठी निराळे वर्ग चालतात. जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ या गावी २००५ सालापासून प्रौढांची आंतरराष्ट्रीय स्केटिंग-स्पर्धा भरू लागली. तिच्यात भाग घेण्यासाठी वयाची किमान मर्यादा २८ वर्षांची आहे. इतर खेळांत ज्या वयात खेळाडू निवृत्तीचा विचार करू लागतात, त्या वयात येथे प्रवेश मिळतो! आजी-आजोबा झालेली माणसेही तेथे संगीताच्या तालावर बर्फावर उतरतात. अर्थात उतारवयात हाडे ठिसूळ होतात आणि मोडलेले हाड सांधण्यास वेळ लागतो, हे विसरून चालणार नाही. वृद्धांनी वैद्याचा सल्ला घ्यावा, मनगट, गुडघे आणि डोके यांना संरक्षण द्यावे आणि शिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकावे. साहस आणि सावधपणा यांचे वैर नाही. दोघांनी हातात हात घालून चालले तरच कोणतीही विद्या पदरात पडते.

वसाहतीच्या आवारात नातवंडे चाकांवर फिरत असतात आणि आजोबा बाकावर बसून त्यांच्या वह्या-पिशव्या सांभाळीत असतात. आजोबांच्या मनात कधी कधी येतही असेल की आपणही एकदा पायांत हे घालून पाहावे. पण लोक काय म्हणतील, या शंकेने ते बाकावरून उठत नाहीत. एखाद्या नातीने त्यांचा हात धरून, ‘आजोबा, आधी पडायला शिका, मग सगळे येते,’ असे म्हटले आणि गवतावर बसून पडण्याचा व उठण्याचा धडा त्यांना दिला, तर त्या दिवशी शिकवणारी लहान आणि शिकणारा मोठा असा सुंदर योग जुळून येईल. अशा वेळी नातीने हसू नये, घाई करू नये. आणि आजोबांनीही, ‘मला काय शिकवतेस,’ असे म्हणू नये.

शीळफाट्याच्या रस्त्यावर बर्फ कधी पडणार नाही. तेथील मुलांपैकी फारच थोड्यांना सिमल्याची किंवा लेहची वाट सापडेल. परंतु प्रत्येकाच्या आयुष्यात असा निसरडा प्रदेश कोठे ना कोठे येतोच. कोणाला नवी भाषा शिकावी लागते, कोणाला पाण्यात उतरावे लागते, कोणाला पन्नाशीत नवे यंत्र हाताळावे लागते. अशा वेळी कठडा घट्ट धरून कडेला उभे राहणारे पुष्कळ असतात. ते पडत नाहीत हे खरे. पण ते कोठे पोहोचतही नाहीत. जो गुडघे वाकवून, नजर समोर ठेवून पहिले पाऊल टाकतो, तो पडतो, उठतो आणि अखेर मैदानाच्या मध्यभागी जाऊन पोहोचतो. त्या वेळी त्याचे वय किती, हे बर्फ विचारीत नाही.